दीर्घ पल्ल्याची सायकलस्वारी आणि साहसाचा विचार : जळगाव–लळिंग प्रवासातील काही नोंदी

गेल्या काही वर्षांत आपल्याकडे येणाऱ्या रुग्णांमध्ये एका नव्या वर्गाची भर पडली आहे, हे बहुतेक वैद्यमित्रांच्या ध्यानात आले असेल. वय चाळीस ते पंचावन्न, व्यवसायाने डॉक्टर, अभियंता, शिक्षक किंवा व्यापारी, प्रकृती सर्वसाधारण. तक्रार मात्र हाताच्या बोटांना बधिरता, गुडघेदुखी, मांडीच्या सांध्यात चट्टे अथवा निद्रानाश. खोदून विचारले असता कळते की, हे गृहस्थ पहाटे चार वाजता उठून शंभर-दीडशे किलोमीटर सायकल चालवितात आणि लवकरच त्यांना तीनशे वा सहाशे किलोमीटरची 'ब्रेव्हे' पूर्ण करावयाची आहे. अशा रुग्णास केवळ 'सायकल बंद करा' असे सांगून भागत नाही. तो सायकल बंद करीत नाही, वैद्य बदलतो.

या विषयाकडे आम्ही केवळ प्रेक्षक म्हणून पाहत नाही. आमच्या मंडळीत चार वैद्य, एक औषधी दुकानदार आणि एक शिक्षक असे सहा जण आहोत. नाशिकहून निघणाऱ्या सहाशे किलोमीटरच्या ब्रेव्हेची तयारी म्हणून डिसेंबर महिन्यात आम्ही जळगाव–धुळे–लळिंग–जळगाव असा सुमारे दोनशे किलोमीटरचा सराव केला. त्या दिवशी जे पाहिले, जे घडले आणि त्यावर शास्त्राधारे जो विचार झाला, तो व्यवसायबंधूंपुढे ठेवावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

ब्रेव्हे म्हणजे शर्यत नव्हे, हे प्रथम स्पष्ट केले पाहिजे. येथे पहिला-दुसरा क्रमांक नसतो. ठरावीक अंतर ठरावीक वेळेत, स्वतःच्या बळावर पूर्ण करावयाचे असते. दोनशे किलोमीटरसाठी साडेतेरा तास, तीनशेसाठी वीस, चारशेसाठी सत्तावीस आणि सहाशेसाठी चाळीस तास अशी मुदत आहे. मार्गावरील नियंत्रण केंद्रांवर वेळेत पोहोचून नोंद करावी लागते. बाहेरील मदत घ्यावयाची तर ती याच केंद्रांवर, अधेमधे नाही. चारही अंतरे एकाच हंगामात पूर्ण करणाऱ्यास 'सुपर रँडोनर' म्हणतात. १९०४ साली स्थापन झालेला पॅरिस येथील ऑडॅक्स क्लब या उपक्रमाचे जागतिक नियमन करतो. १८९१ साली प्रथम झालेली पॅरिस–ब्रेस्ट–पॅरिस ही बाराशे किलोमीटरची यात्रा आता दर चार वर्षांनी भरते. २०१९ आणि २०२३ या दोन्ही वेळी तेथे भारतीय सायकलस्वार मोठ्या संख्येने गेले होते.

महाराष्ट्रात ही हवा पसरली तिला डॉक्टर मंडळीच बरीचशी कारण आहेत. २०१५ साली नाशिकचे डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंत सुमारे ४,८०० किलोमीटरची 'रेस अक्रॉस अमेरिका' दोघांचा संघ म्हणून नऊ दिवसांच्या मुदतीत पूर्ण केली. एक भूलतज्ज्ञ, दुसरे दंतवैद्य. २०१७ साली लष्करातील डॉक्टर लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी तीच शर्यत एकट्याने बारा दिवसांच्या आत पार केली. हे चौघेही वैद्यकातील. मात्र आपल्या शास्त्राचा अभ्यासक त्यांत कोणी नाही. आयुर्वेदाच्या महाविद्यालयातून बाहेर पडलेल्याने या क्षेत्रास आपले काही द्यावे, अशी इच्छा आमच्या मनात त्यामुळेच निर्माण झाली, हे सांगण्यात संकोच नाही.

एकाच अध्यायात सारे

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील सातवा अध्याय, 'न वेगान्धारणीय', आपण सर्वांनी पहिल्या वर्षी पाठ केलेला आहे. तेरा अधारणीय वेग त्यात आहेत, हे कोणीही सांगेल. त्याच अध्यायात पुढे व्यायामाचे गुण, अतिव्यायामाचे दोष आणि सवय बदलण्याचा पादांशिक क्रमही आहे, हे मात्र पुष्कळदा विस्मरणात जाते. वेगधारण, व्यायाम आणि क्रमवृद्धी हे तीन विषय आचार्यांनी एकत्र का गुंफले असावेत, याचे उत्तर आम्हांस वर्गात मिळाले नाही. सायकलच्या सीटवर आठ तास बसल्यावर ते आपोआप मिळाले. दीर्घ पल्ल्याचा सायकलस्वार मूत्राचा वेग धरतो, कारण थांबले तर घोळका पुढे जातो. तहानेचा वेग धरतो, कारण पाणी प्यायले तर पुन्हा मूत्राचा वेग येतो. क्षुधेचा धरतो, कारण पोट जड नको असते. श्रमजन्य श्वासाचा धरतो, कारण चढावर मागे पडण्याची लाज वाटते. आणि रात्री निद्रेचा वेग धरतो, जो सर्वांत घातक. तेरांपैकी पाच वेग एका दिवसात धरणारा मनुष्य अन्य कोणत्या उद्योगात सहसा सापडत नाही.

निदानस्थानात शोषाची चार आयतने सांगितली आहेत : साहस, संधारण, क्षय आणि विषमाशन. सहाशे किलोमीटर चाळीस तासांत पार करणे हे शास्त्रदृष्ट्या साहस आहे. ते साहस नाही असे दाखविण्यासाठी शब्दांची ओढाताण करणारे काही लेख आमच्या वाचनात आले; आम्हांस ते पटत नाहीत. सिंह हत्तीला ओढावयास जातो आणि त्याच श्रमाने नष्ट होतो, हा वाग्भटाचार्यांचा दृष्टान्त अशा मंडळींसाठीच आहे. परंतु चार आयतनांपैकी साहस एकदा पत्करले, तरी संधारण आणि विषमाशन ही दोन आयतने पूर्णपणे आपल्या हाती राहतात. ती सांभाळली तर क्षयालाही बराच लगाम बसतो. वैद्याने सल्ला द्यावा तो येथे.

अर्धशक्तीचा विचार यास पूरक आहे. कपाळ, नाक, काख व सांधे येथे घाम येणे, मुखास कोरड पडणे आणि तोंडाने श्वास घ्यावा लागणे ही अर्धशक्तीची लक्षणे सर्वांना परिचित आहेत. सायकलवर मात्र एक अडचण येते. वाऱ्यामुळे घाम जागच्या जागी सुकतो, विशेषतः हिवाळ्यात, आणि स्वारास वाटते की आपण अजून घामेजलोच नाही. म्हणून घामाच्या लक्षणावर विसंबून चालत नाही. श्वासाचे लक्षण धरावे. शेजारच्या मित्राशी पूर्ण वाक्य न तुटता बोलता येत असेल तर अर्धशक्ती ओलांडलेली नाही. आधुनिक क्रीडावैद्यकातही हीच बोलण्याची कसोटी वापरतात.

सरावाची वाढ आम्ही पादांशिक क्रमाच्या धर्तीवर केली. पावसाळा सरता सरता साठ किलोमीटरपासून आरंभ केला. दर दोन-तीन आठवड्यांनी साधारण चतुर्थांश वाढ करीत पंचाहत्तर, पंचाण्णव, एकशेवीस, दीडशे असे चढत गेलो. शीतकाळी व्यायामाचे बळ अधिक आणि ग्रीष्मात तो अल्पच करावा, हा ऋतुविचार खानदेशात तर अक्षरशः पाळावा लागतो. मे महिन्यात जेथे पारा पंचेचाळीस अंशांपर्यंत जातो, तेथे उन्हाळी सराव हा व्यायाम नसून केवळ पित्तप्रकोप होय.

जळगावहून लळिंगकडे

पहाटे पाच वाजता आम्ही निघालो. जळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे दोनशे मीटर उंचीवर, धुळे अडीचशेच्या आसपास. म्हणजे नव्वद किलोमीटरच्या मार्गात चढ असा जवळजवळ नाहीच. नवख्यास हे सोपे वाटते. वास्तविक सपाट रस्ता अधिक कसोटी पाहतो, कारण उतार नसल्याने पाय कधी मोकळे सुटत नाहीत, आणि बसण्याची ढब तासन् तास एकच राहते. गिरणेच्या पुलावर थंडी बोचत होती. बांभोरीजवळ, बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या समोरून जाताना मागचे लाल दिवे सर्वांचे चालू आहेत ना, याची एकमेकांनी खात्री केली. पूर्वीचा राष्ट्रीय महामार्ग सहा, आता त्रेपन्न. तरसोद ते फागणे या टप्प्याचे चौपदरीकरण वर्षानुवर्षे रेंगाळले, त्या काळात येथे सायकल चालविणे म्हणजे खरोखरच साहस होते. आता रस्ता रुंद झाला, तसा वाहनांचा वेगही वाढला. परावर्ती जॅकेट आणि हेल्मेट यांविना या मार्गावर अंधारात कोणी उतरू नये.

पाळधी मागे टाकून एरंडोलला पोहोचलो तेव्हा पावणेसात झाले होते. उजाडू लागले होते. दुतर्फा वेचणीला आलेला कापूस, मधून हरभरा, कोठे दादर. आमच्या आधीच्या पिढीतील वैद्य याच मुलखात सायकलच्या दांडीला औषधांची पिशवी अडकवून गावोगाव फिरत. तीस-चाळीस किलोमीटर ही त्यांची रोजची चाकोरी होती आणि त्यास कोणी पदक देत नव्हते, असे आमच्यातील ज्येष्ठ वैद्यांनी ऐकविले. त्यावर शिक्षकमित्र म्हणाले, "त्यांना गिअरही नव्हते, नाना." पुढचे दोन किलोमीटर कोणी बोलले नाही.

आठच्या सुमारास पारोळे. भुईकोट किल्ल्याच्या गावात चहा घेतला, आणि एक नियम तेथे काटेकोर पाळला : प्रत्येकाने लघवी करून यावे, इच्छा असो वा नसो. मूत्राचा वेग धरल्याने बस्तिशूल, मूत्रकृच्छ्र, शिरःशूल आणि वंक्षणप्रदेशी आनाह होतो, हे आपण रुग्णांस सांगतो. सीटचा दाब त्याच प्रदेशावर तासन् तास असतो, हे येथे जोडून घ्यावे. दर दीड तासाने खाली उतरणे हा आमच्या मंडळीचा नियम आहे. त्याने एकूण वेळ वाढतो, परंतु वेळ कमी केलेल्या मंडळींच्या तक्रारी मग आपल्याच दवाखान्यात येतात.

सव्वादहाला धुळे आले. राजवाडे संशोधन मंडळाचे हे गाव, विनोबांनी १९३२ साली येथल्या तुरुंगात गीतेवरील प्रवचने दिली ती येथेच, आणि साने गुरुजींनी ती टिपून घेतली. प्रत्येक वेळी येथे थांबून काही पाहावे असे ठरते आणि प्रत्येक वेळी घड्याळ पुढे ढकलते. आग्रा महामार्गाने दक्षिणेस वळलो. लळिंगचा फारुकी काळातील किल्ला दुरूनच दिसू लागतो. त्याच्या पायथ्याचा घाट लहान आहे, पण सपाटीवर शंभर किलोमीटर काढलेल्या पायांना तो मोठा वाटतो. येथे आम्ही श्वासाची कसोटी मुद्दाम लावली. ज्याचे वाक्य तुटले त्याने गिअर हलका करावा किंवा उतरून चालावे, असे ठरले होते. दोघे उतरून चालले. सव्वाअकराला सहाही जण घाटमाथ्यावर होतो.

परतीच्या वाटेवरील प्रसंग

धुळ्यात भोजन झाले : वांग्याचे भरीत, कळण्याची भाकरी, ताक. सव्वाच्या सुमारास निघालो. परतीला वारा समोरून होता, त्यामुळे वेग ताशी सोळा-सतरावर आला. आमचे औषधी दुकानदार मित्र, ज्यांना सारे अप्पा म्हणतात, वय चोपन्न, गेली सहा वर्षे मधुमेही. साखर चांगली नियंत्रणात; ग्लिमेपिराइडची गोळी सकाळी आणि जोडीस एक वानस्पतिक चूर्ण. सराव सुरू करण्यापूर्वी त्यांचे हृदयालेखन झालेले होते व ते निर्दोष होते. भोजनात त्यांनी अर्धी भाकरीच घेतली, पोट जड होऊन झोप येईल म्हणून.

पारोळ्याच्या अलीकडे सहा-सात किलोमीटरवर अप्पा गप्प झाले. एरवी ते सतत बोलतात. नंतर त्यांची सायकल पांढरी पट्टी सोडून दोनदा रस्त्याच्या आत आली. मागून येणाऱ्या वैद्यमित्राने हाक दिली तेव्हा ते चिडून म्हणाले, "माले काहीच व्हयेल नही!" अप्पा कधी चिडत नाहीत. आम्ही सर्वांना थांबविले. कपाळ थंड व ओले, हात किंचित थरथरत होते. त्यांच्याच पिशवीतील ग्लुकोमीटरने साखर पाहिली : ५८.

श्रम, क्लम, भ्रम, दौर्बल्य ही सर्व लक्षणे अतिव्यायामात येतात, क्षुधावेगाच्या धारणातही येतात. तेवढ्यावर विसंबून 'थकले आहेत, सावलीत बसवा' असे म्हणणारा मनुष्य रुग्णास संकटात टाकील. मधुमेही स्वार अकस्मात मौन धरतो, चिडतो, वा सरळ रेषेत चालवीनासा होतो, तेव्हा दुसरे काही सिद्ध होईपर्यंत ती साखर उतरल्याचीच खूण समजावी. जागीच चार चमचे ग्लुकोज पाण्यातून दिले, पंधरा मिनिटांनी पुन्हा पाहिले : ७४. पुन्हा दिले, सोबत दोन केळी. आणखी पंधरा मिनिटांनी ९६. त्यांचा चेहरा पूर्ववत झाला आणि प्रथम त्यांनी विचारले ते हे, की आपल्याला किती उशीर झाला.

मुख्य निर्णय त्यानंतरचा होता. अप्पांना बरे वाटत होते. उरलेले साठ किलोमीटर आपण सहज काढू, असे त्यांचे म्हणणे पडले. आमच्यातील एका तरुण वैद्यांचाही कल तसाच होता. परंतु ग्लिमेपिराइडसारख्या औषधाचा परिणाम दीर्घकाळ टिकतो, एकदा उतरलेली साखर काही तासांत पुन्हा उतरू शकते. आणि दीर्घ व्यायामाने स्नायू साखर शोषून घेत राहतात ते त्या रात्री व दुसऱ्या दिवशीही. पुढे अंधार, महामार्ग, मालमोटारी. अप्पांना पारोळ्यापर्यंत हळूहळू चालत नेले, घरून गाडी मागविली आणि एक वैद्यमित्र आपली सायकल गाडीवर टाकून त्यांच्यासोबत गेले. अशा रुग्णास एकटे पाठवू नये. रात्री दहाला आणि पहाटे तीनला पुन्हा साखर पाहिली गेली. पहाटे ती ८१ होती, म्हणून दूध-पोळी दिली.

उरलेले चौघे साडेसातला जळगावात पोहोचलो. एकूण साडेचौदा तास. ब्रेव्हेच्या हिशेबाने एक तास जास्त. त्याचे कोणास वाईट वाटले नाही असे नाही.

या प्रसंगातून व्यवसायबंधूंसाठी एक गोष्ट विशेष सांगावीशी वाटते. मधुमेहाच्या रुग्णास आपण चूर्ण देतो तेव्हा तो आधीपासून आधुनिक औषध घेत असतो, हे आपण विचारतो. परंतु तो किती चालतो, धावतो, सायकल चालवितो, हे विचारतोच असे नाही. औषध, चूर्ण आणि व्यायाम या तिघांची बेरीज रुग्णाच्या शरीरात होते, आपल्या केसपेपरवर होत नाही. गोळीची मात्रा व वेळ व्यायामाच्या दिवशी बदलावी का, हे गोळी लिहिणाऱ्या डॉक्टरांशी बोलूनच ठरवावे. रुग्णाने ती आपल्या मनाने सोडू नये, आणि आपणही सोडावयास सांगू नये.

श्रमहर द्रव्ये आणि केळी

चरकोक्त श्रमहर महाकषायातील दहा द्रव्ये पाहावीत : द्राक्षा, खर्जूर, प्रियाल, बदर, दाडिम, फल्गु, परूषक, इक्षु, यव आणि षष्टिक. चारोळी सोडता येथील सारी द्रव्ये शीघ्र वा मंद गतीने शर्करा पुरविणारी फळे, ऊस वा धान्ये आहेत. परदेशी 'एनर्जी जेल'च्या एका पुडीच्या किमतीत मनुका, खजूर व सुके अंजीर यांची पुरचुंडी दोनशे किलोमीटर पुरते, शिवाय चावून खाल्ल्याने तहानही कळते. खजूर, द्राक्षा, डाळिंब, फालसा, आवळा यांचा खर्जूरादि मंथ आम्ही थोडे सैंधव घालून बाटलीत भरतो. त्याला उन्हात ठेवू नये, दुपारपर्यंत आंबतो. नुसते पाणी लिटरवारी पिणेही घातक आहे, रक्तातील सोडियम उतरते. मंथ जमत नसेल तर एक लिटर पाण्यास सहा चमचे साखर व अर्धा चमचा मीठ हे घरगुती प्रमाण पुरेसे आहे.

केळीविषयी स्वतंत्र लिहिलेच पाहिजे, कारण जळगावच्या केळीस २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे आणि येथला सायकलस्वार केळीवाचून घराबाहेर पडत नाही. केळी प्रवासात उत्तमच. परंतु सकाळी निघताना दुधात केळी घुसळून पिण्याची जी पद्धत रूढ झाली आहे, ती विरुद्धाहारात मोडते. दुधाशी विरुद्ध अशा फळांत चरकाचार्यांनी मोचाचा समावेश केला आहे. केळीच्या जिल्ह्यात हे सांगताना धाडस लागते, याची आम्हांस जाणीव आहे. केळी खावी, दूध प्यावे, पण दोहोंत काही तासांचे अंतर असावे.

औषधी दुकानदारांसाठी

'ताकदीचे काहीतरी द्या' अशी मागणी घेऊन येणारा तरुण हा विक्रेत्यास नवा नाही. पण तो स्पर्धात्मक खेळाडू आहे का, हे विचारण्याची सवय लावून घेणे आता अगत्याचे झाले आहे. ब्रेव्हेत उत्तेजक चाचणी नसते. मान्यताप्राप्त शर्यतीत असू शकते, आणि २०२२ च्या राष्ट्रीय उत्तेजकविरोधी कायद्यानंतर या बाबीस स्वतंत्र कायद्याचे अधिष्ठान आले आहे. कुपीलूतील स्ट्रिक्निन हे जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या प्रतिबंधित यादीत आहे. म्हणजे विषतिंदुक वटी घेणारा खेळाडू शर्यतीच्या काळात दोषी ठरू शकतो. भांगेचेही तसेच. कुपीलू व भांग दोन्ही औषध नियमावलीतील अनुसूची ई(१) मध्ये असल्याने त्या कल्पांच्या वेष्टनावर वैद्यकीय देखरेखीची सूचना असतेच. ती वाचून दाखविण्यास अर्धा मिनिट पुरतो. गुळवेलीबाबत अधिक सावधगिरी हवी. बाजारात खऱ्या गुळवेलीच्या जागी टिनोस्पोरा क्रिस्पा ही दुसरी जाती येऊ शकते, आणि तिच्यात हिजेनामिन हे प्रतिबंधित द्रव्य असते. यकृतास होणाऱ्या अपायाच्या चर्चेतही हीच गफलत पुढे आली होती. खात्रीशीर पुरवठादाराकडूनच माल घ्यावा, हे विक्रेत्यांस आम्ही काय सांगावे!

सांधेदुखीच्या बेनामी पुड्यांत स्टिरॉइड निघते, हे सर्वांना ठाऊक आहे. त्याहून साधी पण दुर्लक्षित गोष्ट म्हणजे सायकलस्वार शर्यतीपूर्वी वेदनाशामक गोळ्यांची पट्टी मागतात. पाणी कमी पडलेल्या शरीरात डायक्लोफेनॅक वा आयबुप्रोफेन वृक्कांस इजा करते. त्याऐवजी रात्री तैलाभ्यंग व निद्रा सुचवावी.

अश्वगंधेबाबत मात्र आपल्याकडे दाखविण्यासारखे काही आहे. २०१२ साली चाळीस भारतीय उच्चस्तरीय सायकलपटूंवर झालेल्या अभ्यासात पाचशे मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, आठ आठवडे दिल्यावर प्राणवायू वापरण्याची क्षमता वाढल्याचे आढळले. संख्या लहान आहे आणि ते सारे तरुण खेळाडू होते. पन्नाशीच्या मधुमेह्यास तोच निष्कर्ष जसाच्या तसा लावू नये.

शारीरिक तक्रारींविषयी थोडक्यात. करंगळी व अनामिका बधिर होणारा रुग्ण आला की वातव्याधीच्या औषधांपूर्वी तो सायकलचे हँडल कसे धरतो ते विचारावे. तळहाताच्या बाहेरील कडेवर नाडी दबते. गुडघा पुढून दुखत असेल तर सीट बहुधा खाली आहे, मागून दुखत असेल तर वर. जांघेतील घर्षणावर शतधौत घृत उत्तम, परंतु ताजे असावे. विटप प्रदेशी बधिरता येत असेल तर सीट बदलेपर्यंत स्वारी बंद.

रात्रीच्या झोपेबाबत आमचा आग्रह कडक आहे. चारशे व सहाशेच्या ब्रेव्हेत पहाटे दोन ते पाच हा काळ सर्वांत धोक्याचा. त्या वेळी डोळे उघडे ठेवून मनुष्य क्षणभर झोपतो. अध्वाने व कर्माने श्रांत झालेल्यास दिवास्वाप चालतो, असे शास्त्र सांगते, आणि रात्रिजागरण घडल्यास त्याच्या निम्मा वेळ सकाळी उपाशीपोटी झोपावे, असेही. बसस्थानकाच्या बाकावर वीस मिनिटांची झोप घेण्यात कमीपणा नाही. ज्याला जांभया अनावर झाल्या त्याने सांगितलेच पाहिजे, आणि एकाने सांगितले की सर्वांनी थांबावयाचे, असे आम्ही ठरविले आहे.

अप्पांनी आठवडाभर विचार केला. त्यांच्या डॉक्टरांशी भेट झाली, गोळीचा प्रश्न त्यांच्यापुढे ठेवला. दोनशेची ब्रेव्हे ते साखर तपासत पुढील हंगामात करू शकतील, असे ठरले, सहाशे नाही. हे सांगावयाला ते स्वतःच आमच्याकडे आले. नाशिकच्या ब्रेव्हेत आता आम्ही पाच जण उतरणार आहोत, आणि रात्रीच्या नियंत्रण केंद्रावर अप्पा गाडी घेऊन उभे राहणार आहेत : दोन थर्मास मंथ, केळीचा घड, सहचर तेलाची बाटली आणि कोण झोपेला आले आहे ते पाहून त्यास पुढे जाऊ न देण्याचा अधिकार. हा शेवटचा अधिकार त्यांनी मागून घेतला आहे.